डाग झाकायचा राहिला

आई : ...म्हणून विचारतेय, तू बाबांना सांगितलंस तरी काय? सकाळपासून चेंडू दाबलेला नाही. म्हणे, आता व्यायामाची गरज नाही!

मुलगी : हळू बोल गं, पिल्लू आत्ता कुठे डोळा लागून पडलंय. मी काहीच सांगितलं नाही.

आई : मग मेंदूतला डाग भरत आला हे कुणी सांगितलं? दुकानात फोन करून मोकळे झालेत. सोमवारपासून काचा कापायला येतो म्हणून. लकवा गेलेल्या त्या हातानं!

मुलगी : अगं आई गं. बाबा, काल मी लॅपटॉपवर काम करताना तुम्ही माझ्या मागे उभे होतात?

बाबा : पाहिला. माझा... मेंदू. डाग... एवढासा.

मुलगी : बाबा, बसा इथे. तो स्कॅन जुनाच आहे, दवाखान्यातला. तुम्हीच दिलात ना आमच्या प्रयोगाला? नवा काढलाच नाही.

बाबा : पण... लहान झालाय.

मुलगी : कॉम्प्युटरनं केला. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या आकाराचा. म्हणून सगळे एका नमुन्यावर बसवायचे, म्हणजे ह्याची जागा त्याच्या जागेशी ताडता येते. नमुन्याच्या मेंदूत डाग नसतो. मग कॉम्प्युटर आजूबाजूचं ओढून तुमचाही बुजवायला बघतो.

आई : म्हणजे खोटंच की!

मुलगी : चूक माझी. डाग आधी झाकायचा असतो. एवढी जागा सोड, बाकीचं जुळव, असं त्याला सांगायचं. मांडीवर पिल्लू रडत होतं, एका हातानं काम चाललेलं... राहिलं.

आई : तुझं हे असं, ह्यांचं ते तसं. मी कुणाकुणाकडे बघू?

बाबा : खरा... दाखव.

(ती लॅपटॉप त्यांच्याकडे वळवते.)

बाबा : मोठाय.

मुलगी : हो.

बाबा : मला वाटलं... झालं. संपलं.

मुलगी : हात सुधारतोय, बाबा. परवा झबल्याचं बटण लावलंत की.

आई : भलत्याच काजात.

बाबा : लावलं ना!

आई : लावलंत हो. मी कुठे नाही म्हणतेय? थांबा, दुकानात मी कळवते.

बाबा : नको. मी... बोलेन. चेंडू कुठंय?

आई : नातवाला विचारा. पोटाशी धरून झोपलाय.

बाबा : असू दे. हे झाकणं... कसं करतात?

मुलगी : माउस धरून डागाच्या कडेकडेनं रेघ ओढत जायचं. मग आतलं रंगवायचं. मी करते ना संध्याकाळी.

बाबा : मी करतो.

मुलगी : डाव्या हातानं जमेल?

बाबा : उजव्या.

आई : अहो, थरथरतोय तो.

मुलगी : थरथरू दे. रेघ थोडी बाहेर गेली तरी चालते, फक्त डागाच्या आत शिरायला नको. इथून सुरू करा, बाबा. दमलात तर सांगा.

बाबा : तू पड जरा. मोठाय. वेळ... लागेल.