पोपटांनी खाल्लेलं नवं

(कापडे. दसऱ्याच्या आदल्या सकाळी अंगणवाडीचा ओटा. सेविका निशिगंधाताई, हैबतीआजा आणि त्यांची पाच वर्षांची नात अक्षदा. आजांच्या हातात कागदाची दोन तोरणं, एक धड, एक फाटकं.)

हैबती : कोणाला सांगून पटायचं नाय ताई, पण काल आमच्या पडवीत पोपटांनी कागद खाल्ला.

निशिगंधा : कागद?

हैबती : पिवळा घोटीव कागद. तुमीच दिलेला. पोरांना सांगितलंत ना, दसऱ्याला आपण दाराला नव्या पिकाचं नवं बांधतो, तसं कागदाचं करून आणा म्हणून? भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुरडूचं फूल. तर आमच्या अक्षदानं लोंब्या अशा काही केल्या, की वरंधच्या डोंगरातनं थवा उतरला तो सरळ पडवीत. शेतात खरा भात उभा, त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाय.

निशिगंधा : म्हणजे हे फाटकं पोपटांनी केलं?

हैबती : चोचीच्या खुणा बघा की. एकाच्या तर घशात डिंक अडकला. त्याला वाटीनं पाणी पाजलं मी. फोटो काढणार होतो, पण मोबाईल चार्जिंगला. शेजारची ठकूबाई साक्षीला होती, ती नेमकी सकाळच्या एसटीनं माहेरी गेली.

निशिगंधा : आणि हे धड?

हैबती : ते पोरीनं दुसरं केलं. बसल्या बैठकीला.

निशिगंधा : आजा, रागावू नका. अंगणवाडीच्या दाराला एकच नवं लागणार, आणि ते पोराच्या हातचं असावं एवढीच माझी अट आहे. गेल्या वर्षी एकाच्या मामानं मुंबईहून तयार तोरण आणलं, आणि पोरं नुसती बघत बसली. या धड नव्याच्या लोंब्या बघा, कशा वाकल्यात. बाकीच्या पोरांच्या केरसुणीसारख्या ताठ आहेत. मला वाटतं धड तुमचं आणि फाटकं अक्षदाचं. मी फाटकंच लावते. तिचं नाव घालून.

हैबती : फाटकं नको. अहो, गाव येणार बघायला. दाणा भरला की लोंबी मान खाली घालते, हे बांधावर उभं करून मीच दाखवलं तिला. पण हात तिचे. माझ्या नातीचे.

निशिगंधा : मग कागद वाकवला कसा?

हैबती : कसा म्हणजे... पोपट बसले ना त्याच्यावर. भारानं वाकल्या.

निशिगंधा : या धड नव्यावर पण बसले?

हैबती : बसले. खाल्लं नाय. तवर पोटं भरलेली.

निशिगंधा : अक्षदा, ये गो इकडे. हा कागद घे आणि मला एक लोंबी करून दाखव.

अक्षदा : कातर दे. आन खराट्यातला एक हीर.

निशिगंधा : हीर कशाला?

अक्षदा : बघ तू. आधी पट्टीला असं बारीक बारीक कापायचं. पार टोकापर्यंत नाय. मग हिरावर गुंडाळायची. घट्ट. मग हीर काढून घ्यायचा.

निशिगंधा : अगो, वाकली.

अक्षदा : आता आत काय नाय ना, म्हणून वाकते.

निशिगंधा : कोणी शिकवलं तुला?

अक्षदा : कोणी नाय. आजी वात वळते ना दिव्याची, तसं केलं.

निशिगंधा : आजा, चुकले मी. हे धडच लागेल, आणि उद्या तीच बांधेल. मी उचलून घेईन तिला.

हैबती : मी तेच सांगत होतो. साऱ्या पोलादपुरात अशी पोर नाय. उगाच का वरंधचे पोपट—

निशिगंधा : पण मग हे फाटकं कोणाचं?

हैबती : सांगितलं की. पोपटांनी...

अक्षदा : पोपट आलेच नाय, आजा. तू हीर जोरात ओढलास. मी म्हटलेलं तुला, सावकाश.