तांबड्या शाईची बाई

नाही, बसू नकोस, निसार. उभ्यानंच बघ. पोस्टर उभ्या माणसानं बघायचं असतं — चालता चालता, डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर — बसून बघतात ते लग्नातले फोटो. माझ्या ओठाकडे काय बघतोस? मिशी काढावी लागते. मूलबाळ नसलं की बायकोचं क्रियाकर्म नवऱ्यालाच करावं लागतं, आणि मग न्हावी मिशी ठेवत नाही. वाईट झालं म्हणालास, ऐकलं मी, झालं ते. आता कामाचं. दवाखान्याचे साहेब संध्याकाळी प्रेसमध्ये येणार आहेत आणि एकच विचारणार आहेत — पटकीच्या पोस्टरवर ही देवी काढली कुणी? सिंहस्थाला आलेल्या माणसांनी सुई टोचून घ्यावी म्हणून कागद छापला, तर त्यांनी त्याच कागदाला हळदकुंकू वाहिलं आणि सुईकडे पाठ फिरवली — कुणामुळे? तू म्हणतोस, नाना, खरं काय ते सांगा. सांगतो की. खरं या कागदावरच आहे, दुसरीकडे कुठं शोधायचं? बाकीची पोस्टरं आपल्या केरू गड्यानं खरवडून काढली, ज्या हातानं खळ लावून चिकटवली त्याच हातानं. हे एकच राहिलं, माझ्या घराच्या मागच्या दाराला चुका मारून लावलं होतं म्हणून.

आधी रंग घे. तांबडा. पटकीला तांबडा कुणी लावतो? धोक्याचा रंग, असं तू म्हणालास — असं कुणीतरी म्हणालं — तो आगगाडीला धोक्याचा, मनमाडच्या सिग्नलवर. आमच्या बायाबापड्यांना तांबडा म्हणजे शेंदूर, तांबडा म्हणजे कुंकू. धोका काळ्यात असतो, निळ्यात असतो. पटकीत नखं निळी पडतात, ओठ निळे पडतात, मी बघितलंय, जवळून बघितलंय — तो रंग घ्यायचा होतास. आणि तांबड्याशेजारी पिवळा! हळद आणि कुंकू शेजारी मांडलंस आणि म्हणतोस, लोकांना कळलं नाही. त्यांना बरोबर कळलं. तुलाच कळलं नाही, कारण तुझ्या घरात देव्हारा नाही. आणि हे बघ, हा कपाळावरचा ठिपका. अंगठ्याएवढा, मधोमधसुद्धा नाही, खाली आणि जरा डावीकडे सरकलेला. हे काय आहे? छपाईची शिळा नीट पुसली नाहीस, शाईचा गोळा राहिला, तो उमटला. तुझा बाप निजाम याच प्रेसमध्ये शिळेवर उलटी अक्षरं लिहायचा, आरशात दिसावीत तशी, आणि कधी एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. त्याचा मुलगा म्हणून तुला ठेवला. बाप गेला आणि जाताना हात बरोबर घेऊन गेला.

मग अक्षरं. 'सुई टोचून घ्या, पाणी उकळून प्या' — कुठे आहे ते? शोध, शोध. खाली, पायाशी, पिवळ्यात. तांबड्या लुगड्यावर पिवळी अक्षरं, बारीक, एका ओळीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत — अक्षरं कसली, लुगड्याचा काठ झाला तो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, जरीचा आहे. काळी अक्षरं वर हवी होती, मोठी, जाड, घाटाच्या पायऱ्या उतरतानाच डोळ्यांत भरतील अशी. काळ्याला वेगळी शिळा लागते, मला ठाऊक आहे. ती नाटकाच्या जाहिरातीत अडकली होती. सांग साहेबांना तसं, मालकानं शिळा दिली नाही म्हणून सांग, आणि मग बघ या गावात तुला दुसरा कोण शिळेला हात लावू देतो. शिवाय तुझ्या अक्षराला वळण उर्दूचं. प्रत्येक काना झुकलेला, कमरेत वाकून सलाम करतोय. भिंतीवरचं अक्षर ताठ उभं राहिलं पाहिजे. तुझं अक्षर आर्जव करतं. तूही तेच करतोयस, आत्ता, तोंड न उघडता.

आणि मांडणी — खरा घात इथे आहे, नीट बघ. बाई मधोमध. समोर तोंड करून. डोळे मोठे, सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत. केस मोकळे. दोन्ही बाजूंना मोकळी जागा, गाभाऱ्यात असते तशी. आणि हा उजवा हात वर, पंजा पुढे. मारायला उगारलाय म्हणे. कुठल्या अंगानं? हात उगारलेला दाखवायचा तर बाई तिरपी पाहिजे, पाय पुढे पाहिजे, तिच्यापुढे पळणारी माणसं पाहिजेत. सरळ उभी बाई आणि वर केलेला पंजा, हा आशीर्वाद झाला. मरीआई झाली. पटकी आणणारी तीच आणि परत नेणारीही तीच — तिला बघून माणसं पळत नाहीत रे, तिच्याशी बोलतात, तिची ओटी भरतात. केरू सांगत होता, रामकुंडाजवळचं पोस्टर काढायला गेला तर खाली नारळाच्या करवंट्या, लिंबं, हिरव्या बांगड्या. पेठेकडची चिमणाबाई म्हणून कुणी म्हातारी आडवी आली, आईला हात लावशील तर हात झडेल म्हणाली. आणि सुई टोचणारे डॉक्टर शेजारीच टेबल मांडून बसलेले, माश्या हाकत.

हसू येतं ना? मलाही आलं होतं. पहिली चांगली प्रत मी घरी नेली, मागच्या दाराला लावली. हिनं बघितली आणि हात जोडले. मी सुई टोचून घेतली होती, साहेबांसमोर दंड पुढे करावाच लागला. हिला म्हटलं, तूही चल. तर म्हणाली, "दारात आई उभी आहे, मग सुई कशाला?" मी हसलो. काय चुकलं? बायका बोलतात तसं ती बोलली. सांगता आलं असतं की अगं, ती आई नाही, शाई आहे, मी सांगितलेली — निसारनं काढलेली. पण बायकांशी वाद कोण घालतो. आणि बरंही वाटलं होतं. इतक्या वर्षांत या प्रेसनं छापलेलं काहीही तिनं धड बघितलं नव्हतं, नाटकं म्हणू नकोस, कुस्त्या म्हणू नकोस, विड्यांच्या पुड्यांवरचे कागद म्हणू नकोस — आणि याच्यापुढे रोज आंघोळ करून उभी राहायला लागली. पुढे काय झालं ते आळीला माहीत आहे. पटकीला एक दिवस पुरतो.

तुझ्या त्या पहिल्या चित्राचं काढू नकोस. मला माहीत होतं तू काढणार. चूल, चुलीवर तपेलं, तपेल्यातून वाफ, आणि वर काळ्यात 'उकळा'. एवढंच. बाई नाही, हात नाही. साहेबांना दाखवणार आहेस? दाखव की. कुठे आहे? मी स्वतः वाळू टाकून घासली ती शिळा, तू समोरच उभा होतास, तिच्यावरच तर ही बाई बसली. ते पोस्टर नव्हतं, स्वयंपाकघर होतं. मला असं पाहिजे होतं की माणसाचे पाय जागच्या जागी थांबावेत — आणि थांबले ना? त्या बाबतीत पोस्टर उत्तम आहे. गावोगावचे पाय थांबले. माझ्या घरातले थांबले.

तर ऐक. मी साहेबांना सांगणार, कारागिरानं स्वतःच्या डोक्यानं काढलं. आणि तू मध्ये बोललास तर मी एवढंच विचारणार, चारचौघांत — मुसलमानानं आमच्या देवीला रोग म्हणून रंगवायचं, हे चालतं का? पुढचं मला बोलावं लागणार नाही, कोपऱ्यावरची माणसं बोलतील. त्यापेक्षा गुपचूप मालेगावला जा. गुलजारबीला घेऊन जा, म्हाताऱ्या आईला इथे ठेवून काय करशील? तिकडे लुगड्यांच्या गठ्ठ्यांवर शिक्के मार. शिक्क्याला मांडणी लागत नाही. रंगही लागत नाही, जो असेल तो चालतो.

ए, हात लावू नकोस. कपाळाला हात लावू नकोस म्हटलं ना — ठिपका पुसून काय होणार आहे आता? शाई आहे ती, तेलातली, कधीच वाळून कागदात मुरली, ती काय तुझ्या बोटानं —

बघू. बोट दाखव.

इकडे, उजेडात.

शाई अशी निघत नाही. शाईची भुकटी होत नाही, कुंकवाची होते... तरीच सरकलाय. दार उंच आहे ते, आणि मी वर लावलं होतं, डोळ्यांसमोर यावं म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर. तिचा हात नीट पोचायचा नाही. टाचा उंच करून लावत असणार. मी घरी नसताना लावत असणार, मी हसतो म्हणून.

चेहरा असा करू नकोस. तुझी दया नको मला. बोट पूस — इथे नको, या फडक्याला नको, त्याला शाई आहे — बाहेर जाऊन पूस. आणि साहेबांना मी तुझंच नाव सांगणार आहे, निसार. आता तर तुझंच. ही बाई माझी होती असं एकदा म्हटलं, तर मग माझ्या घरातल्या हिला कुणी —

जा म्हटलं ना. दार ओढून घे.