लांबी भरपूर, पन्हा नाही

…आणि वर लोक मलाच म्हणतात, तुमचं काय बुवा, तुमची रस्त्याला लागून जमीन! आहे ना, नाही कोण म्हणतंय? पण तुम्हाला सांगतो, मी शिवणकाम करणारा माणूस, आमच्यात कापडाच्या रुंदीला पन्हा म्हणतात, आणि पन्हा बघितल्याशिवाय आम्ही गिऱ्हाइकाला हो सुद्धा म्हणत नाही, कारण लांबी कितीही असू दे, पन्हा नसेल तर त्याचा सदरा होत नाही, नाडी होते. माझ्या जमिनीची नाडी झाली आहे. लांबी भरपूर, पन्हा नाही.

कशी झाली विचारा. अहो, विचारा तरी. वडिलांची जमीन गावाबाहेर, पुढे रस्ता, मागे ओढा, ओढ्याकाठी झाडं… आता गावच वाढत वाढत तिथपर्यंत आलंय ते सोडा. आम्ही तिघं भावंडं. दादा थोरला, बस चालवायचा, आता निवृत्त. ताई दवाखान्यात नर्स. आणि धाकटा मी. वाटणीला बसलो. आडवी कापली असती तर छान तीन चौकोन पडत होते, पण मागचा चौकोन घेणार कोण? दादा म्हणाला, "माझा जन्म रस्त्यावर गेला, आता म्हातारपणी मला रस्त्यापासून लांब नेऊन टाकू नका." ताई म्हणाली, "मला रस्ताही पाहिजे आणि ओढाही पाहिजे, दिवसभर फिनेलचा वास घेते मी." मी म्हटलं, मग मीच काय घोडं मारलंय? झालं. उभी कापली. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत तीन लांबच लांब पट्ट्या. प्रत्येकाला रस्ता, प्रत्येकाला ओढा, कोणाला तक्रारीला जागा नाही. मोजणीदार दगड रोवताना एकदा थांबला आणि म्हणाला, "नक्की ना?" आम्ही तिघं एका सुरात नक्की म्हणालो, आयुष्यात पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

मधली पट्टी माझी. का, तर लहानपणी झोपताना धाकट्याला मध्ये घ्यायचे, तीच सवय. मग ताईनं हद्दीवर तार ओढली, दादानं ओढली, मग मी काय मागे राहतो? त्यांच्या तारेला लागून आतून माझी. म्हणजे होता नव्हता तो पन्हाही तारेत गेला.

आता आमच्या हिचं ऐका. आम्ही राहतो दुकानाच्या मागच्या खोलीत. खोलीला खिडकी आहे, पण ती उघडली की शेजाऱ्यांची भिंत. इतकी जवळ की हिनं एकदा तिच्यावर खडूनं दुधाचा हिशेब लिहिला होता. लग्न झाल्यापासून बिचारी एकच मागतेय. "मला बंगला नको, दागिना नको. एक खिडकी द्या. उघडली की समोर काही नको." आता समोर काही नको हे मागणं ऐकायला किती साधं वाटतं, नाही? पण मिळवायला जमीन लागते. आणि जमीन आहे हो… लांबी भरपूर, पन्हा नाही.

पण स्वप्न बघायला पन्हा लागत नाही ना. मशीनवर बसलो, एक लांब शिवण सुरू झाली, की माझा पाय पायडलवर आणि मी तिकडे. दार उघडतो, ओसरी. ओसरीमागे खोली, खोलीमागे खोली, तिच्यामागे आणखी खोली, एका रांगेत, आगगाडीच्या डब्यांसारख्या. मी आपला चालतोय, चालतोय, कुठून तरी पाण्याचा आवाज येतोय, अंगावर उन्हाचे ठिपके पडतायत, आणि पार टोकाला ओढ्याकडची ती खिडकी, तिच्यात ही पाठमोरी बसलेली. मी हाक मारणार, तोच गिऱ्हाईक म्हणतं, "काका, बाही कॉलरला जोडताय." रोजचं झालंय हे. रोजचं.

शेवटी गेलो नकाशे मंजूर करतात त्या कचेरीत. तिथल्या इंजिनिअर बाई भल्या होत्या, बसा म्हणाल्या. म्हणाल्या, "घराच्या डावीकडे मोकळी जागा सोडावी लागेल. हवा, उजेड, आग लागली तर माणसाला जाता यायला हवं." म्हटलं, सोडली. "उजवीकडेही तेवढीच." म्हटलं, तीही सोडली. मग त्यांनी कागदावर डावीकडून रेघ मारली, उजवीकडून रेघ मारली, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. आम्ही दोघंही त्या एका रेघेकडे बघत राहिलो. मी विचारलं, "बाई, हे घर?" बाई म्हणाल्या, "हो, ही त्याची भिंत." "आणि आतली बाजू?" तर त्या पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, "असं करा, तिघांचं पुन्हा एकत्र करा. तीन घरं एकमेकांना चिकटून, मधल्या भिंती सामाईक. मग लगेच मंजूर करते."

म्हणजे जे कापलं ते परत जोडा. अहो, हे तर मी रोज करतो! पण कापड बोलत नाही, भावंडं बोलतात. दादाला सांगितलं, तो म्हणाला, "मी केव्हाही तयार. ताईला तार काढू दे, मी काढतो." ताईकडे गेलो. ती म्हणाली, "दादा थोरला आहे, त्यानं आधी काढावी, मला मानच आहे त्याचा." परत दादाकडे. दादा म्हणाला, "ताईची तार आधी लागली होती." मी दोन महिने या दाराचं त्या दाराला सांगतोय, आणि दोघंही मला चहा पाजून, गोड बोलून परत पाठवतायत. माझी तार? नाही, माझी आहे अजून. त्यांनी काढली की काढणारच आहे मी.

हे सगळं ही ऐकत होती, एक अक्षर बोलली नाही. मला वाटलं, सोडला नाद. तर एक दिवस दुकानासमोर हातगाडी, गाडीवर खिडकी. पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या विकतात ना, तिथून आणलेली, सागवानी, दोन झडपांची, आणि शेजारी ही उभी. म्हणाली, "घराचं तुमचं तुम्ही बघा. मी माझी खिडकी आणली." आणि नेऊन रोवली हो, पट्टीच्या शेवटी, ओढ्याच्या अलीकडे, दोन दगडी खांबांत पक्की. ना भिंत, ना छप्पर, नुसती खिडकी. मी म्हटलं, लोक हसतील. ती म्हणाली, "हसू देत, मला बाहेर बघायचंय."

आणि तुम्हाला सांगतो, संध्याकाळी तिथं बसलो दोघं. तिनं झडपा उघडल्या. समोर पाणी, पलीकडचं गवत, वर एवढं मोठं आकाश… काहीच नव्हतं समोर. चौकटीतून बघितलं ना, की ते आपलं वाटायला लागतं. मला एकदम भरून आलं. हिचा चेहरा तर मी इतक्या वर्षांत असा पाहिलाच नव्हता.

आता रोज जातो. आठवड्याभरात पलीकडून ताई, "काय दिसतं गं, बघू तरी." अलीकडून दादा. स्वतःच्या तारेमुळे दोघांना रस्त्यापर्यंत उलटं चालत जाऊन माझ्या पट्टीतून यावं लागतं, पण येतात, धापा टाकत येतात, आणि खिडकीशी बसतात. तारांचा विषय कोणी काढत नाही. मीही काढत नाही, चांगली संध्याकाळ असते, कशाला?

परवा निघालो घरी. तिघं पुढे, मी मागे. वारा सुटला होता. चारी बाजूंना सगळं उघडं, मधोमध ती एकटी चौकट, आणि ही अर्ध्या वाटेत थांबून मला म्हणते, "अहो, खिडकी लावून या. घरभर धूळ होईल."

गेलो परत… लावली. कडीसुद्धा घातली.