चौथ्या मजल्यावरचं दार

—बिघाड नाहीये गं तो. आणि मॅडम नको, ताई म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं, मागे कुणीतरी येऊन उभं राहिलंय. वरच्या मजल्यावरचे विम्याचे लोक आहेत ना, त्यांची तक्रार – चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार उगाच उघडं राहतं म्हणे, कुणी नसलं तरी. बरोबर आहे त्यांचं. राहतंच. बाकीच्या मजल्यांवर नाही, फक्त आपल्या. लिफ्ट चालवणारे प्रोग्राम विकायचे, आणि स्वतःच्याच इमारतीतली लिफ्ट अशी – साहेबांना लाज वाटते, म्हणून पहिल्याच दिवशी तुझ्या गळ्यात मारलं त्यांनी. बस ना. ती खुर्ची नको, ती डुलते, ही घे. फोन इथं समोर ठेवते हं, पाळणाघरातून येईल कदाचित – पोरीला सकाळपासून खोकला आहे. तसा फार नाही. म्हणजे फार की थोडा हे मला कुठं कळतं, मी दोन्हीला सारखीच घाबरते.

हां, तर ही आकृती. हा चौकोन लिफ्टचा, हा मजल्याचा, हा दाराचा. एकेक चौकोन म्हणजे एकेक क्लास – कॉलेजात झालंय ना हे? मग मी काय शिकवत बसलेय! असू दे, माझं मलाच बोलावंसं वाटतंय. वर नाव, मध्ये त्याच्याजवळ काय-काय आहे ते, खाली त्याला काय-काय करता येतं ते. दाराला काय येतं? उघडता येतं आणि मिटता येतं. संपलं. सुखी आहे बिचारं. आणि हे बाण – कोण कुणाचं, कुणाचं कुणावाचून अडतं. आता हे बटण दाबलं की या चित्रावरून कोड आपोआप तयार. पण तयार काय होतं? सांगाडा. 'दार उघडणे' असं नाव, एक कंस उघडलेला, एक मिटलेला, आणि मध्ये एक ओळ – 'इथे लिहा'. आतलं सगळं आपण हातानं भरायचं. मला आई झाल्यावर अगदी असंच वाटलं होतं – नाव मिळालं, कंस मिळाले, आत काय लिहायचं ते कुणीच सांगेना... जाऊ दे.

मुद्दा असा, की हातानं लिहिलेलं टिकावं वाटत असेल तर त्याच्या वर आणि खाली या दोन खुणा घालायच्या. खुणांच्या मधल्याला यंत्र हात लावत नाही. बाहेर जे राहील ते पुढच्या वेळी बटण दाबलं की साफ. जे आकृतीत नाही, ते त्याच्या लेखी नाहीच. आता दाराच्या आत बघ – या ओळी. मजला चौथा असेल तर जरा जास्त थांब, मग मीट. हीच ती तक्रार. खुणा आहेत का भोवती? नाहीत. ज्यानं लिहिलं त्याला मी तेव्हाच म्हटलं होतं, खुणा घाल. तर म्हणतो कसा – 'माझं लिहिलेलं कोण पुसतंय?'

इथंच बसायचा तो. ती डुलणारी खुर्ची त्याचीच, त्यानंच डुलवून डुलवून तशी केली. सगळे 'सावकाश' म्हणायचे त्याला. जेवायला सावकाश, जिना चढायला सावकाश – लग्नाचं विचारायला तर इतका सावकाश, की शेवटी मीच विचारलं. हो अगं, नवरा. मला आठवा महिना होता. मी माझी एवढी मोठी बॅग नि एवढं मोठं पोट घेऊन लिफ्टकडे निघाले, आणि दार मिटायला लागलं. पोटाला टेकलं नुसतं, लागलं नाही. लगेच मागं गेलं. पण तो पांढराफटक. माघारी आला, कोट काढायचंही विसरला आणि या ओळी लिहिल्या. मी म्हटलं, अरे, हे आकृतीत घाल. म्हणाला, आकृतीत घातलं तर कारण लिहावं लागेल, साहेबांना काय सांगू – माझी बायको हळू चालते?

काय? ...त्या ओळींपुढं नाव माझं दिसतंय? गेल्या महिन्यातली तारीख?

दिसणारच की. मी विसरलेच, तू तरुण आहेस, तुम्ही आधी तारखा बघता. नाही, त्याला नाही विचारता येणार. पोरगी मान धरायला लागली होती नुकती. सकाळी दूध आणायला गेला रस्त्यापलीकडे – दूध आणायला! – आणि गाडी आली. बास. असा चेहरा नको करूस गं, मला मग तुझी समजूत काढावी लागते; अख्ख्या ऑफिसची काढून झालीये.

बाळंतपणाची रजा संपवून आले, पहिल्या दिवशी लिफ्टनं वर आले, बाहेर पडताना बॅगच अडकली दारात. कळलं मला. मधल्या काळात कुणीतरी हे कोडचं बटण दाबलं होतं, त्याच्या ओळी साफ. चूक कुणाचीच नाही, रोजचं काम आहे ते. मग मी त्या ओळी पुन्हा लिहिल्या. पुन्हा कुणी बटण दाबलं, पुन्हा लिहिल्या. खुणा का नाही घातल्या? अगं, खुणा घातल्या की ते माझं झालं. त्यानं घातल्या नव्हत्या ना... मला माहितीये हे किती वेड्यासारखं आहे. सासूबाई म्हणतात, त्याचे शर्ट तरी देऊन टाक कुणाला. मी म्हणते, देते, देते. आणि आता मीच रोज अर्धाच दिवस काम मागून घेतलंय, पोरीसाठी. म्हणून मला टेस्टिंगला टाकलंय, दार तुझ्याकडे आलंय. तेव्हा आजपासून कुणी लिहिणार नाही.

आठवणीतून लिहिते, हो. दारानं थांबायचे चार सेकंद होते, की पाच – चारच असावेत. कोडच्या जुन्या प्रती जपलेल्या असतात, ठाऊक आहे मला, मी काय नवीन आहे का? उघडली होती एकदा. वरती त्याचं नाव, शेजारी तारीख, वार. लगेच बंद केली... काय करतेयस? नको, ती नको उघडू. अगं नको म्हणते ना – उघडलीस? बरं. मी नाही बघत. मी खिडकीकडे बघते. तू फक्त आकडा सांग.

किती?

नीट बघ. नऊ? ...नऊ.

आणि मी चार देत होते. वर्षभर. मला वाटायचं, एवढा कशाला थांबेल तो.

नको, नऊ नको करूस. राहू दे. विम्याच्या लोकांचा चहा गार होत असेल. ती प्रत मीट, आकृतीवर ये. हे बटण, हेच. नवा कोड लिफ्टमध्ये लगेच जातो. आत्ता नको! माझी बॅग कुठाय – फोन, बॅग, पोरीचा स्वेटर. मी लिफ्टनं जातेय. इथून बाहेर डोकावून बघ, दार दिसतं. मी आत शिरेन, ते थांबेल जरा, मग मिटेल. पूर्ण मिटू दे. मग दाब.