लाल ठिपका

नाय वो साहेब, कारखाना कुठला आमच्या वाडीत? ही भाजावळ. शेण, झाडाची तोडलेली कवळं, पाला पसरायचा नि पेटवायचा — मंग त्या राखेत भाताची रोपं जोमानं येतात. आज्या-पणज्यापासून चालू हाय. — काय? बाकीच्यांची कवाच झाली? असंल. माजी वाईच मोठी हाय. — जमीन किती? ती... ह्या अंगणाएवढी. बसा ना! तो डबा ठेवा खाली, कोकमाचं सरबत घ्या. तुमचा उपग्रह दुपारी जेवणाच्या टायमाला जातो ना वरून? म्हायती हाय मला! मी तवा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभा ऱ्हातो. हात पण हलवतो. — माणूस दिसत नाय? निस्ता धूर? हवेतले बारीक कण? म्हंजे शेजारचा महिपत हसतो ते बरोबर. पण ठिपका दिसतो ना? लाल? — अख्ख्या संगमेश्वर तालुक्यात एवढा लाल दुसरा नाय? वा, वा! सरबत घ्या अजून.

पाला संपला, पेंढा संपला, मंग गोठ्याचं दार जाळलं — बैल कुठं हायत आता? काल गादी घातली. काय काळा धूर आला वो, झ्याक! — खोकला? येतो की. पण पाऊस तोंडावर आला, एकदा ढग जमले की तुमचा उपग्रह आंधळा. मंग चार म्हयने मला कोण बगणार? घाई नको करायला? — हे कोणी सांगितलं म्हंजे? दर्शनानं. माजी पोरगी वो, पुण्याला, तुमच्याच हापिसात. गणपतीला आली तवा लॅपटॉपवर दाखवलंन — बाबा, हा आपला गाव, इथं ठिपका लाल झाला की आमी सोता जाऊन बगतो. सोता, म्हणाली. शिमग्याला आली नाय. आंब्याला आली नाय. फोन केला की कामात. — तिनंच धाडलं तुमाला? मॅडम म्हणता तिला? मंग ती मागनं येते काय? एस्टीनं? घावण्यांचं पीठ भिजवून ठेवलंय मी... — नाय. बरं. बरं.

आणि हा डबा कसला? छपरावर बसवायचा? हाच हितनं सगळं कळवणार — म्हंजे परत कोणाला यायला नको. तिचीच कल्पना? डोकं चालतं हो तिचं, ल्हानपणापासनं.

नको. उचला तो. सरबत संपवा नि निघा, शेवटची गाडी चुकंल. — मॅडमला काय सांगायचं? सांगा, कारण घावलं नाय. आणि ती काडेपेटी द्या इकडं, तुमच्या डब्याखाली गेलीय.