मॅडमनी घालून दिलेली पहिली ओळ

सन्माननीय अध्यक्ष हरिबा आप्पा, प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती सीमा कोकरे मॅडम, आणि न्हावरे, वडगाव रासाईहून एसट्या बदलत दौंडला आलेल्या विद्यार्थ्यांनो,

सकाळी हार आणायला गेलो. फुलवाल्यानं विचारलं, झेंडूचा का शेवंतीचा? म्हणालो, कोणताही दे. निरोपाच्या भाषणात गळा दाटावा अशी रीत आहे. माझा दाटत नाही. आत नुसतं सपाट झालंय. तेव्हा घडलं तेवढंच सांगतो.

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर, २००६ साली, या अभ्यासकेंद्राचं काम पाहू लागलो. मॅडम इंटरनेटवरून संख्याशास्त्र शिकवायच्या. विकतचं सॉफ्टवेअर आवाक्याबाहेर, म्हणून त्यांनी फुकटचं निवडलं. "फुकटचं हाय, म्हंजी बरूबर मोजंल का?" असं आप्पांनीच विचारलं होतं. आठवतंय ना, आप्पा? मोजलं त्यानं, अगदी बरोबर मोजलं.

धडा दुधाचा होता. डेअरीतल्या फॅटच्या ढीगभर नोंदींतून संगणकानं मनाला येतील त्या थोड्या उचलायच्या, आपण त्यांची सरासरी काढायची. प्रत्येकाकडे वेगळ्या नोंदी येणार. मग घरी बसलेल्या मुलानं आपलं उत्तर ताडून कसं पाहावं? म्हणून मॅडमनी संगणकाला द्यायच्या सूचनांच्या सुरुवातीला एक ओळ घालून दिली. ती लिहिली की सगळ्यांकडे त्याच नोंदी येतात, मॅडमचंच उत्तर येतं. ओळ सरावापुरती होती. तेवढं सांगायचं राहून गेलं.

परीक्षेत सगळ्यांनी ती लिहिली. उत्तरं दशांशापर्यंत एक. बाहेरच्या परीक्षकांनी शेरा मारला, सामूहिक कॉपी. निकाल अडकला. आपल्या महेंद्रला रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरी लागत होती, निकाल दाखवायची मुदत सरत आलेली. मी पोरांना विचारलं, ओळ ठेवलीत कशाला?

न्हावऱ्याचा नवनाथ म्हणाला, "वहीवर आधी श्री घालतो ना सर, तसंच वाटलं."

महेंद्र म्हणाला, "आमच्यात श्री न्हाई घालत, सर. पन मॅडमची ओळ व्हती, म्हणून घातली."

श्रोतेहो, आमच्या तिसरीच्या वर्गात सगळी पोरं एकाच चालीत कविता म्हणायची, बाकावर ताल धरून, खिडकीबाहेरच्या बाभळीकडे बघत. कुणी कुणाची चोरली होती का ती?

मॅडमनी वर विद्यापीठाला लिहून दिलं, चूक मुलांची नाही, माझी आहे. निकाल सुटला. महेंद्र नोकरीवर हजर झाला. अभ्यासक्रम मात्र मॅडमकडून काढून घेतला. म्हणून आजचा हा हार.

मघाशी संगणकाच्या खोलीत मॅडमनी शेवटचा धडा घेतला. ओळ काढायला लावली. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं, पण सगळी एकमेकांच्या आसपास. "हे दाखवायचं राहिलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. रजा टाकून आलेल्या महेंद्रच्या पडद्यावर मात्र तेच जुनं उत्तर.

नवनाथ म्हणाला, "काढ की रं ती. परत अडकवतो काय आम्हाला?"

"ऱ्हाऊ दे," महेंद्र म्हणाला. "उद्या मॅडम नसत्याल. मग ताळा कुणाशी करायचा?"

मॅडमनी ती ओळ राहू दिली. मी दारात हाराची पिशवी धरून उभा होतो.

आपण सगळे वेळ काढून आलात, केंद्र आपलं ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द कमीजास्त गेला असेल, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला. आप्पा, आता हार घालावा. शेवंतीचा आहे. आत्ताच पाहिलं.