साक्रिस्ताव कुठल्या बाजूला वळला

आपल्या बैलस्वारीच्या रोडिओ संघाचे अध्यक्ष सन्माननीय अर्लिंदोसाहेब, व्यासपीठावर बसलेले आदरणीय पाद्री फ्लोरियानो, आजचे सत्कारमूर्ती आणि माझे जिवलग मित्र वाल्देसिर, पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी नेउझावहिनी, आणि बैलावर बसलेल्या, बैलावरून पडलेल्या, व नुसत्याच टाळ्या वाजवायला आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

भाषण उभं राहून करायची रीत आहे. ती मला पाळता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या. ही चाकाची खुर्ची वाल्देसिरनंच मला घेऊन दिली. चाकं अगदी लोण्यासारखी फिरतात.

नव्या मंडळींसाठी सांगतो, मी आदेनिल्सन. एके काळी या भागात दोनच नावं घेतली जायची, याचं आणि माझं. आता वाल्देसिर मुख्य पंच होऊन साओ पावलोला निघाला आहे. कोण बैलावर आठ सेकंद टिकला, कोण मोकळा हात बैलाला लागून बाद झाला, कोणाला किती गुण, हे यापुढे तो ठरवणार. अर्लिंदोसाहेब आत्ताच म्हणाले, की याच्याइतका सचोटीचा माणूस या मातीत झाला नाही. साहेब वयानं मोठे आहेत. मी काय बोलणार?

फक्त एक आठवण सांगतो.

आपल्या धंद्यात लबाडी नाही असं कोण म्हणेल? बैल विकताना आपण खोटं बोलतो. बायकोशी बोलतो. पाद्रीबाबा, माफ करा, कबुलीला बसल्यावरही थोडं हातचं राखतो. पण फाटकामागच्या कोंडीत, बैलाच्या पाठीवर बसल्यावर, कोणी खोटं बोलत नाही. तिथे बैलाला बांधलेला, तुमच्या मुठीतला दोर तुमचा प्रतिस्पर्धीच आवळून देतो. त्या बैलावर जो आधी बसला असेल तो सांगतो, बाबा रे, हा अमुक बाजूला वळतो. आपल्या बापजाद्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही हे. लिहायची गरजच पडली नाही.

त्या वर्षी अंतिम फेरीत आम्हा दोघांचे गुण सारखे होते. माझ्या वाट्याला साक्रिस्ताव आला. देवळातल्या घंटावाल्याचं नाव बैलाला कोणी ठेवलं देव जाणे, पण घंटा मात्र तो सगळ्यांचीच वाजवायचा. आमच्या भागात तो नवा होता. मी डाव्या हाताचा स्वार, दोर डाव्या मुठीत धरणारा. बैल डावीकडे वळला तर आपण आपल्या पकडीवर बसतो. उजवीकडे वळला, तर आपण उजवीकडे खाली आणि पकड वर, पलीकडच्या बाजूला.

माझा दोर वाल्देसिरनं आवळला. मी विचारलं, "वाल्दे, काही माहिती आहे का रे याची?"

म्हणाला, "डावीकडे वळतो. सरळ तुझ्या हाताकडे येईल. भाऊ, डोळे मिटून बस."

मी डावीकडे कललो आणि फाटक उघडा म्हणालो.

पुढचं तुम्ही पाहिलंत. साक्रिस्ताव उजवीकडे वळला. मी त्याच्या पायांत, माझा हात वर दोरात अडकलेला. कुंपणावरून उडी मारून कोण आला? हाच. माझा हात यानं सोडवला, स्वतःची बरगडी मोडून घेतली, आणि त्याच मोडक्या बरगडीनं पुढच्या बैलावर आठ सेकंद टिकून अजिंक्यपद जिंकलं. त्याच्या पोटावर चमकतंय ना, तेच ते विजेत्याला मिळणारं पट्ट्याचं बक्कल. खिलाडूवृत्तीचा पुरस्कारही त्याच दिवशी मिळाला. वाजवा टाळ्या, वाजवा. मीही इस्पितळात वाजवल्या असत्या, पण हात प्लास्टरमध्ये होता.

नेउझावहिनी, तुम्ही मला भेटायला आला होतात, आठवतंय? बिचाऱ्या रडत होत्या. माझं सांत्वन करायला म्हणाल्या, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका, तो बैलच मेला तसला. महिन्यापूर्वी गोइयासच्या रोडिओत यांनाही असाच उजवीकडे आपटला होता."

वहिनींच्या मनात काही नव्हतं. त्यांना कोंडीतलं बोलणं कुठे ठाऊक होतं?

त्यानंतर दर रविवारी वाल्देसिर माझ्याकडे जेवण घेऊन येत राहिला. गोमांसाची भाजलेली बरगडी, मंडिओका कंदाचं पीठ, गरम कॉफी. सगळं गाव म्हणतं, मित्र असावा तर असा. आणि दर रविवारी मी विचारायचो, "वाल्दे, तुला माहीत नव्हतं ना रे, तो कुठे वळतो ते?"

"नाही रे भाऊ. मीही पहिल्यांदाच बघत होतो."

मग तो कॉफी ओतायला घ्यायचा. थोडी बशीत सांडायची. ती बघायला मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? आठवडाभर मी त्या सांडलेल्या कॉफीची वाट पाहायचो. माझ्याकडे दुसरं कोणी येतही नाही. हा गेल्यावर माझे रविवार कसे जातील, या विचारानं मला खरोखर रडू येतं.

मनातल्या मनात म्हणायचो, एकदा खरं बोल. एकदाच. मी तुझ्या गळ्यात पडेन, हात तेवढा धड आहे. पण नाही. आणि आता हा पंच. मित्राला मी सांभाळून घेत आलो, मंडळी. पंचाला कसा घेऊ? उद्या याच्यासमोर पोरं जिवावर उदार होऊन बसणार आहेत.

अरे, कोणीतरी वाल्देला पाणी द्या. सांडेल, जरा जपून.

माझा वेळ संपत आला. सत्काराला उत्तर द्यायला आता वाल्देसिर येईल. वाल्दे, रविवारचाच प्रश्न आहे, फक्त आज माणसं जास्त आहेत. तुला माहीत होतं की नव्हतं? अर्लिंदोसाहेब, घड्याळ तुमच्याकडे आहे. त्याला आठ सेकंद द्या. मला तेवढेही मिळाले नव्हते.

मी शिकलेला नाही, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. काही खोटं बोललो असेन, तर वहिनी इथेच बसल्या आहेत, त्यांनी दुरुस्त करावं. वहिनी, मान वर करा, तुमचा काही दोष नाही. आपण सर्वांनी मला इतक्या शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे.

ये वाल्दे. माईक जरा वर करून घे. तुला उभं राहता येतं.